एक फांदी जास्त

वरंध मागे टाकून वर चढलं की डांबर संपतं, लाल माती सुरू होते आणि अकरा घरांची खडकवाडी लागते. वाडीच्या डोक्यावर राखीव जंगल, आणि जंगलाच्या तोंडाशी वाटजाईचा दगड. मूर्ती नाही, देऊळ नाही. कमरेइतका शेंदरी दगड आणि समोर पाटासारखा सपाट कातळ. त्या कातळावर, गौरी यायच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीन वाजता, पाऊस लागून राहिलेला असताना मैनाला एक फांदी जास्त सापडली.

एका फांदीने असं काय बिघडतं, हे शहरातून येणाऱ्याला सांगावं लागतं. मैना ते गेली सहा वर्षं सांगते आहे, एकाच चालीत, ताईला, दादाला, सरांना आणि मॅडमला. रानात जाणाऱ्याने कातळावर एक हिरवी डहाळी ठेवायची. परत आल्यावर आपली डहाळी आपल्या हाताने उचलायची आणि देवीच्या मागे टाकायची. दुसऱ्याची उचलायची नाही. म्हणजे कातळावर जेवढ्या डहाळ्या, तेवढी माणसं अजून वर. मैनाची सासू रंगूबाई म्हणायची, वाटजाईला लिहिता येत नाय, म्हणून ती फांद्या मोजते.

मैना मूळची महाडजवळच्या नाते गावची. सातवीपर्यंत शिकली, एकोणिसाव्या वर्षी खडकवाडीत आली. नवरा चांगू भांडुपला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये. शिमग्याला आणि गणपतीला येतो, यंदा रजा फक्त विसर्जनापुरती मिळाली होती. बाकीचे दिवस मैना, दोन म्हशी आणि डोंगर. सरपणाला जाता जाता तिला डोंगराच्या तिन्ही वाटा पाठ झाल्या: धबधब्याची वाट, धारेवरची वाट, आणि तिसरी नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली दगडधोंड्यांची उभी घळ, जिथे पावसाळ्यात शहाणा माणूस जात नाही. मग वनखात्याने पहिल्या दोन वाटांना निसर्गवाट असं नाव दिलं, बाण रंगवले, नाळेच्या तोंडाला ‘प्रवेश बंद’ची पाटी ठोकली, बांबूचं फाटक बसवलं, एक नोंदवही ठेवली, आणि मैनाला पिवळं जाकीट व शिटी दिली. खात्याच्या कागदावर ती ‘स्थानिक मार्गदर्शक’. वाडीत ती शिटीवाली.

हे नाव ठेवलं गोमाजीने. गोमाजी म्हणजे वाडीतला सत्तरीचा आबा, अंगाने काटकी, तोंडाने ढोल. त्याच्या गळ्यात दुनिया राहायची. पोलादपूरचा एसटी कंडक्टर, तलाठ्याचा खोकला, डोंबिवलीला पोराच्या घरचा कुकर, तिसऱ्या शिटीला दम लागणारा, सगळे त्याच्या तोंडून बाहेर पडायचे. आणि गेल्या वर्षापासून त्यात मैनाची भर पडली होती.

गेल्या वर्षी श्रावणात असंच झालं होतं. कातळावर एक डहाळी उरली. मैनाने आरडाओरडा केला, वनखातं आलं, पोलीस आले, महाडहून बचावपथकाची दोरवाली पोरं आली, दीड दिवस जंगल उलटंपालटं केलं. शेवटी नोंदवहीतल्या एकेका नंबरावर फोन लावला तेव्हा ठाण्याचा एक मुलगा लाजत म्हणाला की, दोन डहाळ्या त्यानेच ठेवल्या होत्या. एक स्वतःची, एक होणाऱ्या बायकोच्या नावाने. ती बाई त्या वेळी ठाण्याला आपल्या घरी टीव्ही बघत होती.

त्यानंतर गोमाजी रोज संध्याकाळी अंगणात एक काटकी घेऊन उभा राहायचा, मैनासारखी मान एका बाजूला टाकायचा, आणि तिच्याच बारीक, घाईच्या आवाजात म्हणायचा, “साहेब, एक फांदी जास्त हाय वो.” पोरं लोळून हसायची. खरं सांगायचं तर नक्कल इतकी बेमालूम होती की, एकदा मैनाची म्हैस त्याच्याकडे वळून चालायला लागली होती. मैना हसली नाही. वनरक्षक अनिल तर मुळीच हसला नाही. तो पोलादपूरचा, माणूस चांगला, पण बोलायचा टंकलिखित. त्याने मैनाला समज दिली होती की, यापुढे नोंदवही जुळत असेल तर फांद्यांच्या आधारे कुणालाही कळवू नये, अन्यथा जाकीट दुसऱ्याकडे देण्यात येईल.

आणि आज नोंदवही जुळत होती.

चौदा जण सकाळी सातला वर गेले होते, पुण्याचा गट. त्यांची पुढारीण अनुपमा, जी प्रत्येक वाक्य ‘ॲक्च्युअली’ने उघडायची आणि ‘ओके ना, मावशी?’ने बंद करायची. शेपटाला प्रवीण नावाचा उंच मुलगा, दोराची वळकटी खांद्यावर, बोलणं जवळजवळ नाहीच. पाऊस वाढला म्हणून अनुपमाने शहाणपणा केला, धबधब्यापासूनच सगळ्यांना मागे फिरवलं. चौदाच्या चौदा चिंब होऊन उतरले, चौदा डहाळ्या उचलल्या गेल्या, देवीच्या मागे पडल्या. मैनाने तोंडाने मोजल्या. मग कातळाकडे पाहिलं. पंधरावी तिथेच होती.

पहिला विचार आला तो त्या डहाळीचा नव्हताच. गोमाजी अंगणात काटकी घेऊन उभा राहील, तो आला.

तिने अनुपमाला दोनदा विचारलं. कोणी जास्तीची ठेवली का? कोणाच्या नावाने, देवाच्या नावाने, कुत्र्याच्या नावाने? अनुपमाने सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं. नाही. एकेक, मोजून. मैना मग कातळाजवळ उकिडवी बसली आणि हात न लावता डहाळी बघू लागली.

पुण्याच्या पोरांना डहाळ्या मैनानेच दाखवल्या होत्या, फाटकाजवळच्या जांभळीच्या. त्यांनी त्या हाताने ओरबाडल्या होत्या, साल लोंबत होती. ही किंजळाच्या झाडाची होती. बुडखा तिरका, गुळगुळीत, कोयत्याच्या एका घावाचा. पोरांनी आपल्या डहाळ्या वाटेल तशा टाकल्या होत्या. हिचा शेंडा बरोबर डोंगराकडे होता, जसा रंगूबाई ठेवायला लावायची, म्हणजे देवीला कळतं माणूस कुठल्या बाजूला गेलाय. आणि पोरांच्या डहाळ्या वर पडून तिचा पाला चपटा झाला होता. पोरं वर गेली सातला. त्याच्या आधी कोणीतरी वर गेलं होतं. वाडीतलंच कोणीतरी. आणि वाडीतली माणसं नोंदवहीत सही करत नाहीत.

तिला आता आठवलं, सकाळी तिला ती दिसली होती. गुराख्याची असेल, असं समजून ती पुढे गेली होती. गणपतीच्या नैवेद्याची घाई होती. पण गुरं तर बारालाच परत आली होती, गुराख्यासकट.

तिने अनिलला फोन लावला. तो खाली वरंधच्या नाक्यावर होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, चौदा गेले, चौदा आले, बरोबर? मग विषय कुठे उरतो? वाडीतलं माणूस हरवलं असेल तर घरचे बोंब मारतीलच. आधी घरं बघावीत. तोपर्यंत महाडला कळवलं जाणार नाही. एवढं म्हणून तो स्वतः मात्र मोटारसायकल काढून वर यायला निघाला.

मैना घरोघर गेली. गणपतीचे दिवस, प्रत्येक घर मुंबईच्या माणसांनी फुगलेलं. एका घरात पत्त्यांचा डाव रंगला होता. तिथला बनियनवाला पाहुणा म्हणाला, वहिनी, टेन्शन मत लो, आपुन सगळे इधरच हाय. सोनबाच्या घरी सोनबा स्वतः मोजून दाखवायला उठला, आणि दोनदा स्वतःलाच मोजायला विसरला. दहा घरं झाली. सगळी माणसं जागेवर. बाहेर पाऊस एका सुरात पडत होता. शेजारच्या तळीये गावावर डोंगर खाली आला त्या वर्षापासून पाऊस असा न थांबता, न वाढता पडायला लागला की वाडीतली म्हातारी माणसं गप्प होतात आणि डोंगराकडे कान लावतात.

अकरावं घर गोमाजीचं.

उंबऱ्याला लागून त्याची बायको जानकीबाई तांदूळ निवडत बसली होती. आत तिची नवी सून सेजल गौरीची साडी निऱ्या घालून बघत होती. मुलगा मंगेश सकाळीच गौरीच्या बाजाराला महाडला गेला होता, आणि खाली रस्त्यावर झाड पडल्यामुळे तिथेच अडकला होता. मैनाने विचारलं, आबा कुठायत.

जानकीबाईने सुपातून नजर काढली नाही. “आत निजल्यात,” ती म्हणाली.

मैना निघणार होती. पण तिच्या कानाला काहीतरी खटकलं, आणि ती तिथेच थांबली. गोमाजी आत आणि घर इतकं शांत? गोमाजी झोपेतसुद्धा कंडक्टरसारखा घोरायचा. मग तिचे डोळे फिरू लागले. दारामागच्या खुंटीवर आकडी नव्हती, कमरेला बांधून कोयता अडकवायची ती लाकडी आकडी, जी गोमाजी फक्त रानात जाताना काढायचा. पाटावर गौरीचा मुखवटा मांडलेला होता, पाच नवी सुपं बाजूला होती. यंदा सेजलचा पहिला ओवसा, नव्या सुनेने सुपं घेऊन गौरीला ओवाळायचं वर्ष. सगळं होतं. गौरीचे हात नव्हते.

गौरीचे हात म्हणजे कळलावीची फुलं, पिवळी-तांबडी, ज्वाळेसारखी. पूर्वी ती वाटेवरच मिळायची. आता निसर्गवाटेवर येणारे फोटोपुरती तोडतात. उरली ती नाळेच्या वरच्या अंगाला.

त्या घरची चाल मैनाला माहीत होती. गोमाजीच्या घराण्यात गौरीचे हात मुक्याने आणतात. आणणारा उंबऱ्याबाहेर पडल्यापासून उंबऱ्यावर परत पाय ठेवीपर्यंत तोंड उघडत नाही, आणि तोवर घरातलं माणूस तो गेलाय असं बोलत नाही. बोललं तर गौर वाटेतून परत फिरते. पहिल्या ओवशाच्या वर्षी गौर परत फिरणं म्हणजे काय, ते जानकीबाईला कुणी सांगायला नको होतं. तिची स्वतःची पहिली गौर अशीच बोलण्याने मोडली होती, आणि त्या वर्षी तिच्या पाळण्यातलं मूल गेलं होतं. वाडीतल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं, आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे.

म्हणजे आता हिला विचारून उपयोग नव्हता. ही मरेल पण बोलणार नाही. आणि ही बोलल्याशिवाय अनिल हलणार नाही.

मैना खाली बसली, जानकीबाईच्या समोर, चिखलात. हलक्या आवाजात म्हणाली, “काकी, मी कायबी विचारत नाय. तुमी बोलू नका. आबा खरंच आत निजले असतील, तर हे दार लावून घ्या. मी जाते.”

तांदळावरून फिरणारी बोटं थांबली. दार हाताच्या अंतरावर होतं. आतून सेजल म्हणाली, मम्मी, लावते मी, पाऊस आत येतोय. जानकीबाईने सुनेचा हात मनगटाला धरला. दार उघडंच राहिलं. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी सुपात पडत होतं, पण तोंड शिवल्यासारखं बंद.

फाटकापाशी अनिल पोचला होता. मैनाने सगळं सांगितलं: आकडी, गौरीचे हात, दार. अनिलने रेनकोटाची टोपी मागे केली आणि फार सभ्यपणे विचारलं, वरिष्ठांना अहवालात काय लिहू? म्हातारीने दार लावलं नाही, सबब शोधपथक पाठवावे? तो चेष्टा करत नव्हता, तेच वाईट होतं. त्याला खरंच वाक्य सापडत नव्हतं. गेल्या वर्षीच्या दीड दिवसाचं उत्तर त्याने दिलं होतं, लेखी, तीन वेळा.

मैनाने पिवळं जाकीट काढलं, घडी घातली आणि नोंदवहीवर ठेवलं. त्यावर शिटी. मग ती पदर खोचून चालायला लागली.

दहा पावलांवर मागून चिखलात पाय आपटल्याचा आवाज आला. प्रवीण दोर घेऊन येत होता. तो नुसता मागे लागला. आणखी वीस पावलांवर अनिलचा आवाज आला, तोंडातल्या तोंडात, पहिल्यांदाच टंकलिखित नसलेला. पाऊण तास, तो म्हणाला. पाऊण तासात कोणी दिसलं नाही तर माघारी. अनुपमाला त्याने फाटकावर थांबवलं होतं, महाडला फोन लावायला तयार राहा म्हणून.

नाळेच्या तोंडाशी पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, आडवा येतो. एरवी त्यात पाय बुडत नाही. त्या दिवशी पाणी गुडघ्याला लागत होतं आणि रंगाने चहा. काठाला एक काळा दगड आहे, त्याच्या पोटावर पांढरा पट्टा. मैनाने तो दोघांना दाखवला. पाणी पट्ट्याला लागलं की पऱ्या कोणाला सोडत नाही, उजाडेपर्यंत नाही. आत्ता पाणी पट्ट्याच्या वीतभर खाली होतं.

ते पलीकडे गेले. नाळेत ढग उतरला होता, दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. खणखणीत आवाजात अनिलने हाक दिली. “गोमाजीबाबा.” कड्याने ती परत दिली. प्रवीणने आपली शिटी वाजवली, तीन वेळा, थांबून तीन वेळा, जशी शिकवतात तशी. पाण्याच्या खळखळीशिवाय काही नाही. वर चढायचं, थांबायचं, हाक मारायची, ऐकायचं. एकदा वरून दगड सुटून आला आणि मैनाच्या कानाजवळून गेला. तो खाली कुठे पोचला ते कळायला बराच वेळ लागला.

पाऊण तास संपला. अनिल एका धोंड्याला टेकला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने सांगितलं ते रास्तच होतं. माणूस जिवंत असता तर त्याने ओ दिली असती, एवढ्या हाका मारल्या. जिवंत नसेल तर उद्या उजेडी येऊ. पाणी वाढतंय. आपण तिघं इथे अडकलो तर उद्या शोधायला चार जण होतील.

माणूस जिवंत असता तर त्याने ओ दिली असती. हे खरंच होतं. गोमाजी तर न बोलावता ओ देणारा माणूस. आणि मग ते वाक्य तिच्या डोक्यात उलटं फिरलं, आणि तिला आपल्याच कपाळावर हात मारावासा वाटला. ते तिघं एका मुक्याला हाका मारत होते. गौरीचे हात कमरेला घेतलेला गोमाजी इथेच कुठेतरी पडला असेल, प्रत्येक हाक ऐकत असेल, आणि सुनेच्या पहिल्या ओवशासाठी ओठ दाताखाली धरून बसला असेल. मरेल, पण बोलणार नाही. नवरा-बायको सारखीच.

तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

“बोलू नका, आबा,” ती ओरडली. “नुसता कोयता वाजवा.”

अनिलने तिच्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं. ढग हलला. पाणी वाहत राहिलं. मैना मनात मोजत होती: एक, दोन, तीन. सातवर, डावीकडून, कपारीच्या मागून, लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला.

ठक्.

मग घाईने, चिडल्यासारखं, ठक् ठक् ठक् ठक्. अर्धा तास कान किटेपर्यंत हाका मारल्यात आणि अक्कल आता सुचली काय, असं तो कोयता स्वच्छ विचारत होता.

गोमाजी एका कपारीत बसला होता, उजवा पाय दोन धोंड्यांमध्ये, घोटा भोपळ्याएवढा. पाणी त्याच्या कमरेशी खेळत होतं. डोक्याला मुंडासं बांधलं होतं, आणि त्या मुंडाशात, पाण्यापासून सगळ्यात लांब, कळलावीची फुलं खोचलेली, एकही पाकळी न मोडलेली. म्हातारा थंडीने निळा पडला होता. प्रवीणने विचारलं, काका, दुखतंय का? गोमाजीने त्याच्याकडे असं बघितलं, की कळलंच.

धोंडा सरकवायला तिघांचा जोर लागला. पाय सुटला तेव्हा गोमाजीचं तोंड उघडलं, मान मागे गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि आवाज आला नाही. अनिलने मान फिरवली. मग त्याने म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं, प्रवीणने दोराने दोघांना बांधलं, आणि मैना पुढे झाली, पाऊल ठेवायची जागा दाखवत.

पऱ्यावर पोचले तेव्हा पाणी पट्ट्याला लागलं होतं. पांढरा रंग मध्येच दिसत होता, मध्येच नाही. अनिल थांबला. मैना थांबली नाही. थांबलं तर पाय पुढे जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं. दोराचं टोक कमरेला बांधून ती आडवी शिरली, प्रवाहाकडे तोंड करून, एक पाय टेकल्याशिवाय दुसरा न उचलता. मध्यावर पाणी मांडीवर आलं. एक ओंडका तिला घासून गेला. पलीकडे गेल्यावर तिने दोर उंबराला तीन वेढे दिला आणि मगच मागे पाहिलं. अनिल पाण्यात होता. त्याच्या पाठीवरून गोमाजी एका हाताने अनिलचा गळा धरून, दुसऱ्या हाताने त्याला वाट दाखवत होता: इकडे, जरा तिकडे, अरे तिकडे. बोटसुद्धा खेकसत होतं. मधेच अनिलचा पाय घसरला, दोघं गळ्यापर्यंत खाली गेले, दोर उंबरात करकरला. गोमाजीने आधी मुंडासं वर धरलं आणि मग स्वतःचं डोकं.

प्रवीण शेवटी आला. तो पार होतो न होतो तोच मागे पांढरा पट्टा दिसेनासा झाला.

वाटजाईपाशी उजेड विझत आला होता. सगळी वाडी फाटकात जमली होती, पुण्याचा गट, पत्तेवाला बनियन, सोनबा. गोमाजीने अनिलच्या खांद्यावर टिचकी मारली. थांब. अनिल गुडघ्यावर वाकला. म्हाताऱ्याने हात लांब केला, आपली किंजळाची डहाळी उचलली आणि देवीच्या मागे टाकली. कातळ रिकामा झाला. मैनाने तो तसा रिकामा झालेला बघितला, आणि मगच खोचलेला पदर सोडला.

कोणीतरी म्हणालं, आबा, बरे हाव ना? आबांनी हाताने सांगितलं: घरी. मिरवणूक घरी गेली. दवाखान्यात न्यायला जीप येऊ शकत नव्हती, खालचं झाड उद्या सकाळीच हटणार होतं. अनुपमाने आपल्या पिशवीतली पट्टी तयार ठेवली होती. जानकीबाई उंबऱ्यात तशीच बसली होती, दार उघडं, सुपात तेच तांदूळ. तिने उठून नवऱ्याच्या पायांवर तांब्याने पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. गोमाजीने मुंडाशातली फुलं काढून तिच्या ओंजळीत दिली. मग, दोघांच्या खांद्यावर भार टाकून, त्याने चांगला पाय उंबऱ्यावर ठेवला.

सगळे थांबले. पहाटेपासून साठलेलं बारा तासांचं बोलणं होतं त्या तोंडात. आधी कोण बाहेर येणार, कंडक्टर की तलाठी, की कण्हणं? गोमाजीने घसा साफ केला. मान एका बाजूला टाकली. आणि मैनाच्याच बारीक, घाईच्या आवाजात, ज्यात आज नाळेतला पाऊस आणि भीतीसुद्धा होती, तो म्हणाला:

“बोलू नका, आबा. नुसता कोयता वाजवा.”

अंगण हसलं. अनिलसुद्धा हसला, पिवळं जाकीट काखेत धरून, ते मैनाला कसं परत द्यावं हे न कळून.

“मुके होताव तेच बरं होतं,” मैना म्हणाली, आणि जाकीट त्याच्या काखेतून काढून घेऊन चालू लागली. म्हशी धार काढायच्या खोळंबल्या होत्या.

मागे तिला दाराची कडी ऐकू आली. जानकीबाईने दार लावून घेतलं होतं.